भिंगरीचा डावा पाय

वीज कंपनीच्या त्या कचेरीत मीटरचे आकडे घेणारे सव्वीस जण होते आणि त्यांत बाई एकच. हजेरीपटावर तिचं नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणत. घरचं हे लाडाचं नाव कुणीतरी फोनवर ऐकलं आणि ते कचेरीतही चिकटलं. शोभतही होतं. जुन्या वस्तीतल्या, लिफ्ट नसलेल्या चार-चार मजली इमारती तिच्या वाट्याला आल्या होत्या. मीटर कुठे तळघरात, कुठे गच्चीच्या दाराशी, तर कुठे इतके उंच बसवलेले, की चवड्यांवर उभं राहून मान ताणल्याशिवाय आकडा दिसत नसे. बाकीचे दोन इमारती उरकून चहाला टेकत, तोवर ही तिसरीच्या गच्चीवर पोचलेली असे.

तिशी ओलांडली आणि डावी पोटरी कुरकुरायला लागली. तिसरा मजला आला की कुणीतरी आतून मुठीत धरून पिळतंय असं वाटायचं. पाऊल बधिर व्हायचं. कठड्याला धरून दोन मिनिटं उभी राहिली की चुटकीसरशी सगळं थांबायचं. पंचाईत झाली ती तिथेच. दुखणं दाखवायला कुणासमोर जावं, तर तोवर दाखवायला काही उरलेलंच नसे.

कचेरीतल्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमचा पाय कचेरीत नीट चालतो आणि जिना दिसला की रुसतो, हे कसं काय?" सगळे हसले. तीही उसनं हसली.

नेहमीच्या डॉक्टरांनी स्नायू आखडलाय म्हणून गोळ्या दिल्या. मग हाडांचे डॉक्टर झाले. त्यांनी कमरेचे फोटो काढले, मणक्यात नस दबत असेल म्हणाले आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीकडे धाडलं. तिथली मुलगी पंचविशीतली, हसतमुख, कामाला चोख. भिंगरी तिला ताई म्हणू लागली. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात रबरी पट्ट्या आणि मधोमध एक लाकडी पायरी. त्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर उचलायच्या आणि खाली सोडायच्या. तीस वेळा, दिवसातून तीनदा.

"पोटरी बळकट झाली की त्रास कमी होईल," ताई म्हणाली.

भिंगरीला कुठलंही काम अर्धवट करण्याची सवय नव्हती. तिने तीसच्या जागी चाळीस केले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून, कचेरीत पाण्याच्या टाकीमागे, जिथे जमेल तिथे ती टाचा उचलत राहिली. तीन महिन्यांत पोटरी खरंच टणक झाली. आणि दुखणं तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरलं.

नवरा वेल्डर होता. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर ठिणग्यांसमोर बसायचा. माणूस वाईट नव्हता. पहिलं वर्षभर त्याने रोज तिचे पाय चेपले. पण ऐकून ऐकून त्याचेही कान किटले.

"रिपोर्ट तर सगळे चांगले आलेत," तो एका संध्याकाळी म्हणाला. "मग दुखतंय कुठे?"

"पोटरीत. सांगते ना रोज."

"तू फार मनाला लावून घेतेस. जरा लक्ष देऊ नकोस तिकडे."

त्याने हे मायेनेच म्हटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून तिने पायाचं नाव काढणं बंद केलं. रस्त्यात दुखायला लागलं की दुकानाच्या काचेत काहीतरी बघितल्यासारखं करायची. जिन्यात कुणी भेटलं की फोन कानाला लावून उभी राहायची. दुखणं लपवण्यात ती इतकी तरबेज झाली, की घरात सगळ्यांना वाटलं, गाडी रुळावर आली.

लपवता येत नव्हतं ते काम. दोनशे मीटर संध्याकाळपर्यंत व्हायलाच हवेत, आणि पाय दुसऱ्या मजल्यावर संप करायचा. एका दिवशी तिने चौथ्या मजल्यावरच्या मीटरचा आकडा खालीच उभं राहून, मागच्या महिन्यांवरून अंदाजाने भरला. पुढच्या महिन्यात असे आठ झाले, मग वीस. अकरा वर्षांत जिने एक आकडा चुकवला नव्हता, ती आता वरचे मजले मनानेच वाचू लागली. अखेर एका घराने तक्रार केली. घर दोन महिने बंद, मुख्य बटणही बंद, आणि बिलावरचा आकडा मात्र पुढे सरकलेला. साहेबांनी खुलासा मागणारं पत्र हातात ठेवलं. या वेळी तर कुणी हसलंही नाही. ती खुर्चीत बसून राहिली आणि जमिनीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

त्याच दुपारी ती व्यायामाला गेली. पायरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, अजून किती टाचा उचलू, तेवढं एकदा सांगून टाका."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. ताई जवळ आली, खाली फरशीवर बसली. "मोजे काढा," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर करा."

सहा महिन्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं. भिंगरी टाचा उचलू लागली. पंधरा झाले, वीस झाले. पंचविसाव्याला तिने ओठ दाबून धरले. ताईचं लक्ष पावलांकडे होतं. उजवं पाऊल गुलाबी होतं, डावं कागदासारखं पांढरं. तिने हात लावला. डावं गार. पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवून तिने नाडी शोधली. उजवीकडे टकटक लागत होती. डावीकडे काहीच नाही. दोन मिनिटांनी तीही आली, अगदी क्षीण. मग तिने भिंगरीला आडवं झोपवून चवडा आपल्या तळहातावर दाबायला लावला. नाडी पुन्हा गायब. सोडला की परत.

ताईने तेच पुन्हा एकदा करून पाहिलं.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"नक्की मला सांगता येणार नाही. पण हे स्नायूचं दुखणं नाही. तुमच्या पायाला रक्तच पोचत नाहीये. मी आज चिठ्ठी देते, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. उद्याच जा."

"आणि मग हा टाचांचा व्यायाम?"

ताईने मान खाली घातली. "तो मीच दिला. बंद करा. आत्तापासून."

सर्जन साठीचे, कमी बोलणारे. "चवडा दाबल्यावर बऱ्याच जणांची नाडी मंदावते," ते म्हणाले, "तेवढ्यावर मी काही ठरवत नाही." त्यांनी तिला पालथं झोपवून गुडघ्यामागची सोनोग्राफी करवली, चवडा दाबून आणि सैल सोडून. मग एमआरआय झाला, त्यातही तसंच. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको समोर बसल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीवर दोन रेघा आणि एक जाड पट्टा काढला.

"ही पायाला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी. गुडघ्यामागून सरळ खाली उतरायला हवी. तुमची ही पोटरीच्या स्नायूला वळसा घालून चुकीच्या बाजूने गेलीय. स्नायू आवळला की ती मधल्यामध्ये चेपते. दाराच्या फटीत पाण्याची नळी सापडावी तशी."

"हे कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"जन्माच्या आधीपासून. फार थोड्यांना असतं, म्हणून लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं चेपून चेपून आता वाहिनीची भिंत जाड झालीय, आतली वाट अरुंद झालीय. शस्त्रक्रिया करावी लागेल. दहा दिवसांनंतरची तारीख देतो. तोवर जिने बंद. आणि पाऊल पांढरं, गार पडलं आणि थांबूनही परत आलं नाही, तर घरी थांबू नका. अशा वेळी तासांचा हिशेब असतो."

बाहेर येताना भिंगरीला चक्क हलकं वाटत होतं. आजार निघाला याचा कुणाला आनंद होतो का, असं मनाशी म्हणत ती टॅक्सीत बसली. नवरा शेजारी बसून हाताच्या भाजलेल्या डागांकडे बघत होता. "मी तुला म्हणालो होतो ना, की मनाला..." त्याने सुरुवात केली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचं डावं पाऊल बधिर झालं. ती पलंगावर बसली. दोन मिनिटं झाली, दहा झाली. पाऊल परत येईना. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत होतं, फोन हाताशी होता. तरी ती बसून राहिली. येईल परत, नेहमी येतं, उगाच कशाला कारखान्यातून उठवायचं. दुखण्याकडे कानाडोळा करायचं वर्षभराचं वळण, ते काय सहा दिवसांत मोडणार? अकरा वाजता नवरा मोजपट्टी विसरला म्हणून घरी आला, तेव्हा ती घामाने डबडबली होती आणि पाऊल मेणासारखं दिसत होतं. दोन तास उलटून गेले होते. त्याने तिला सरळ उचललं आणि दोन मजले उतरवलं.

अरुंद वाटेत रक्ताची गाठ अडकली होती. शस्त्रक्रिया पाच तास चालली. गाठ काढली, स्नायूचा तो आडवा आलेला भाग कापला आणि खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी त्याच पायाच्या मांडीतली शीर जोडली. पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र काळं पडत गेलं. तीन आठवड्यांनी ती दोन्ही काढावी लागली.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ती नीट शुद्धीवर आली, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "तू मला फोन का नाही केलास?"

"केला असता, तर काय म्हणाला असतास?"

तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण त्याने थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "म्हणालो असतो, थोडी पड. येतो जेवायला तेव्हा बघू."

ती भिंतीकडे तोंड करून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो झिडकारला नाही, इतकंच.

ताई भेटायला आली ती वॉर्डच्या दारातच घुटमळली. मग स्टुलावर बसली आणि हातातली पिशवी कुठे ठेवावी ते तिला कळेना. "सहा महिने मी तुमच्याकडून तेच करून घेतलं," ती म्हणाली. "माझ्या डोक्यातून ते जात नाही."

"मला राग आला होता," भिंगरी म्हणाली. "अजून थोडा आहे. पण दोन वर्षांत मोजे काढायला सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच, ताई. बाकीच्यांनी कागदच बघितले."

घोडं पुन्हा अडलं ते उजव्या पायापाशी. तपासणीत त्या गुडघ्यामागेही तीच चुकीची वाट सापडली. वाहिनी अजून चांगली होती, म्हणून आत्ताच स्नायू मोकळा करून घ्या, असं सर्जन म्हणाले. न दुखणाऱ्या पायावर सुरी चालवायची हे तिच्या मनाला पटेना. चार महिने ती टाळत राहिली. नवरा एकदाही "कर" म्हणाला नाही, "नको"ही म्हणाला नाही. "तुझा पाय आहे, तू सांगशील ते," एवढंच. शेवटी एका सकाळी जिना उतरताना तिला उजव्या पोटरीत किंचित पिळल्यासारखं वाटलं. खरं होतं की भास, कोण जाणे. तिने पायरीवर बसूनच दवाखान्यात फोन लावला. ती शस्त्रक्रिया लहान झाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

आता ती कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. डॉक्टरांचे दाखले बघून साहेबांनी खुलाशाचं पत्र मागे घेतलं, पण जिने तिला परत मिळाले नाहीत. खिडकीवरचं काम तिला मुळीच आवडत नाही. दिवसभर बसून अंग आंबतं, असं ती म्हणते. गोळी रोजची, तपासणी दर सहा महिन्यांची. सकाळी उठल्यावर ती आधी दोन्ही पावलांवर बोटं टेकवते आणि नाडी लागेपर्यंत श्वास रोखून धरते. ती सवय काही जात नाही.

परवा दोघं बाजारातून पायी येत होती. पोटरी ठीक होती, पण दोन बोटं नसलेल्या जागी बूट घासत होता. ती थांबली. समोर दुकानाची काच होती, बघण्यासारखं बरंच होतं आत.

"दुखतंय," ती म्हणाली. "बसूया."

नवऱ्याने दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि दुकानाच्या पायरीवर तिच्यासाठी जागा केली.