लेकीचं लिव्हर

लिव्हर खराब झालं म्हटलं की रिसोडात लोक आधी तोंडाचा वास घेतात. माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक कापड मापून घेता घेता विचारतं, "शेठ, किती घेत होते तुमी?" मी आयुष्यात थेंब घेतला नाही, पण सांगून उपयोग नाही. पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे पिवळे, आणि हा म्हणतो पीत नव्हतो! शेवटी चिडून मी म्हणायला लागलो, "पीत होतो ना. तुह्या बापासंगच बसत होतो."

कारण पिण्याचं नव्हतं, खाण्याचं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर, सुटलेलं पोट आणि वर्षानुवर्षं लिव्हरवर साचलेली चरबी. यावर जगभर संशोधन चाललंय, नवी औषधंही येताहेत, पण ती लिव्हर आखडण्याआधी कामाची. माझं आखडून गेलंय. मेलेल्या माणसाचं मिळायला रांग मोठी, म्हणून आता घरातल्याच कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, एवढाच मार्ग. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं म्हणे. दुकानात बसून मी मोबाइलवर हेच वाचत असतो. कुठे उंदराला गुण आल्याचं वाचलं तरी हुरूप येतो, इतका मी हपापलोय.

बायकोला मधुमेह, मुलगा नाही. राहिली लेक. ती कारंज्याला दिली आहे. तिला अजून मूलबाळ नाही, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे मी तिच्या घरी पाण्याचा घोटही घेत नाही. व्याह्यांकडे जाताना बाटली सोबत नेतो. आणि त्याच घराच्या बैठकीत बसून मला तिचं लिव्हर मागायचं होतं. तोंड उघडेना. शेवटी लेकच आतून आली नि म्हणाली, "बाबा, म्या विचारलं घरात. हो म्हनलं सगळ्यायनं." जावई मान हलवत होते. विहीणबाई उठून आत गेल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो.

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, पण तिच्याही लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, "असं असताना घेता येणार नाही. वजन उतरवा, मग पुन्हा पाहू." लेकीच्या पोटावर सुरी चालणार नाही म्हटल्यावर बापाला सुटल्यासारखं वाटायला हवं ना? मला आधी वाटलं ते एवढंच, की मग माझं काय? लाज वाटली, पण ती नंतर. आणि ती पोरगी दवाखान्याच्या बाकावर माझीच माफी मागत होती. "मी कमी करीन बाबा. तुमी टेन्शन नका घेऊ."

तेव्हापासून ती रोज चालते. साखर सोडली, भात सोडला. पूर्वी फोनवर मी तिला तब्येत विचारायचो, आता वजन विचारतो.

महालक्ष्म्या झाल्यावर ती माहेरी आली. गाल बसलेले. बायकोनं पुरणपोळ्या केल्या. माहेरी आलेली लेक अर्धपोटी उठली तर आमच्याकडे आईला कमीपणा वाटतो. "पाह्य कशी वाळली माही पोर. एका दिवसानं काय होते?" असं म्हणत तिनं पोळी वाढली आणि वर तूप ओतलं. लेक नाही म्हणाली नाही. घास मोडला आणि डोळे मिटून चावत राहिली. किती दिवसांनी खात होती कोण जाणे. अर्धी पोळी झाली नाही तोच बायको दुसरी वाढायला वाकली.

"बस कर! तिले वाढू नको."

हे मीच ओरडलो होतो. बायको हातात पोळी धरून माझ्याकडे पाहत राहिली. लेकीच्या भल्यासाठी बोललो, असं म्हणता आलं असतं, आणि कुणी मानलंही असतं. लेकीनं ताटावर हात आडवा धरला.

"माय, पोट भरलं माहं," ती हसून म्हणाली आणि हात धुवायला उठली.

ताटात अर्धी पोळी तशीच राहिली होती. ती पाहून मला बरं वाटलं.