ताईचे टाके, भाऊजींचे फॉलोअर

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कधी बटण लावलेलं नाही, पण शिवणकामाचा धंदा कसा वाढवावा हे ते जगाला शिकवतात. मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. तेव्हा माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

धंदा ताईचा. ती कापडी खेळणी दुरुस्त करते. अस्वलाचा डोळा, सशाचं शेपूट, बाहुलीची उसवलेली मान. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल, त्यावर बटणांच्या बरण्या, आणि वर दोरीला चिमट्यांनी टांगलेली धुतलेली खेळणी. गिऱ्हाईक एकाचं ऐकून दुसरं यायचं. शाळेतल्या मुलांच्या आया, दवाखान्यातली नर्स, खालच्या मजल्यावरचा न्हावी. महिन्याला वीस-पंचवीस खेळणी यायची आणि ताईला तेवढी पुरायची.

भाऊजींना पुरेनात. त्याआधी त्यांनी विमा विकून पाहिला, पाणी गाळायची यंत्रं विकून पाहिली, एकदा मधमाश्या पाळायचंही ठरवलं होतं; मधमाश्यांचं नशीब बलवत्तर. तिसऱ्यांदा घरी बसल्यावर त्यांची नजर बायकोच्या टेबलाकडे वळली.

"अगं, तुझ्या हातात सोनं आहे, आणि तू ते चिमट्याला टांगून ठेवतेस!"

त्यांनी पेज काढलं. नाव ठेवलं 'खेळण्यांची आई'. ताईला विचारलं नाही. तिला मूल नाही, ही गोष्ट तिनं कधी माझ्यापाशीसुद्धा धड काढली नव्हती. भाऊजींनी ती पहिल्याच पोस्टमध्ये, हात जोडलेल्या चित्रासकट, लिहून टाकली. मी फोन करून भांडले. ताई म्हणाली, "जाऊ दे. त्यांना काहीतरी उद्योग मिळाला." बावीस वर्षांच्या संसारात 'जाऊ दे' हे तिचं आवडतं वाक्य झालं होतं, आणि त्या वाक्यावरच भाऊजी पोसले गेले होते.

मग टेबलाशी गोल दिवा आला. ताईनं टाका घालायचा, भाऊजींनी रील काढायची.

"जरा डोळे पुस ना."

"कशाला? डोळ्यांना काही झालेलं नाही."

"नाही ना झालेलं, म्हणूनच सांगतोय."

सहा महिन्यांत चाळीस हजार फॉलोअर झाले. चाळीस हजारांनी लाल बदाम पाठवले. दुरुस्तीला खेळणं पाठवलं अकरा जणांनी. नर्स मात्र वॉर्डातलं अस्वल घेऊन दोनदा दारातून परत गेली, कारण आत शूटिंग चालू होतं. भाऊजींनी तिला सांगितलं, "पेजवर मेसेज टाका, नंबर लागेल." दहा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि नंबर लागेल!

त्यातच वरच्या मजल्यावरचा प्लंबर आला. चांगला आडदांड माणूस, पण कागदी पिशवी अशी धरून आला, जणू आत अंडी आहेत. पिशवीत त्याच्या मुलीचा लहानपणचा कापडी हत्ती होता. मुलगी आता परदेशात, तिला बाळ झालेलं, आणि ती पुढच्या महिन्यात यायची होती. हत्तीचा कान दोन बोटं उसवला होता, बस्स.

ताई दोरा आणायला बाहेर गेली होती तेव्हा भाऊजींनी हत्ती दिव्याखाली धरला. दोन बोटांची फट कॅमेऱ्यात दिसेना. म्हणून या गृहस्थांनी काय करावं? कान मुळापासून उपटला, पोटाची शिवण कात्रीनं उघडली, कापूस बाहेर ओढला आणि 'आधी'चा फोटो काढला. ताई आल्यावर म्हणाले, "कापड विरलेलंच होतं गं. हातात घेतलं आणि सुटलं." तिनं विश्वास ठेवला. तीन दिवस बसून तिनं तो हत्ती असा शिवला, की प्लंबरला काही कळलं नाही. उलट तो आनंदानं घेऊन गेला.

कळलं त्याच्या मुलीला. तिनं तिकडे बसून रील पाहिली आणि बापाला फोन लावला, "बाबा, माझ्या हत्तीचं हे काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. हत्ती दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी मुलीला पाठवलेला फोटो त्यानं फोनवर उघडून टेबलावर ठेवला. फोटोत कान दोन बोटं उसवलेला, बाकी हत्ती धडधाकट.

"वहिनी, मी दिला तेव्हा हा असा होता."

ताईनं फोटो पाहिला. मग भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजी हसले. "अहो, बघणाऱ्याला फरक कळायला नको का? शेवटी नीट झालाच ना!"

"साहेब," प्लंबर म्हणाला, "मी नळ दुरुस्त करायला जातो, तेव्हा लोकांचा पाइप आधी फोडतो का?"

तो निघून गेला. ताईनं भाऊजींच्या हातातून फोन घेतला, गोल दिवा बंद केला आणि कॅमेऱ्यात बघून स्वतःच बोलली: "तो हत्ती आमच्या घरात फाडला गेला. चूक आमची. हे पेज बघून कुणी खेळणी पाठवू नका." तेवढंच. पेजवर टाकून फोन परत दिला.

दोन दिवसांत पाच लाख लोकांनी ते पाहिलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर लाज शोधत मी बसले होते, तर हे उड्या मारताहेत! "बघितलंस? खरेपणाला केवढी मागणी आहे!"

तेव्हा मात्र ताईचं 'जाऊ दे' संपलं. "पेज तुमचं, खेळणी माझी," ती म्हणाली आणि मागच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. मग इमारतीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर तिनं दोन ओळी टाकल्या: 'मोडकं खेळणं थेट माझ्या हातात द्या. फोटो काढला जाणार नाही.' नर्सनं तो मेसेज सगळ्या वॉर्डांत फिरवला. आता ताईकडे तीन आठवडे थांबावं लागतं. प्लंबर मात्र परत आला नाही. जिन्यात भेटला तर मान वळवतो.

भाऊजी हल्ली पुढच्या खोलीतून ऑनलाइन वर्ग घेतात, 'घरबसल्या धंदा वाढवा'. साठ विद्यार्थी आहेत म्हणे. तिसऱ्या धड्यात ताईचा माफीचा व्हिडिओ दाखवतात, गिऱ्हाइकाचा विश्वास कसा कमवावा याचा नमुना म्हणून. अशा माणसाला काय म्हणावं? मी म्हणते ते इथे छापण्यासारखं नाही.

परवा मी ताईला विचारलंच, "माफ केलंस का गं त्यांना?"

"नाही अजून," ती म्हणाली. "सध्या काम फार आहे."