रिकामी होणारी आई

मीटिंगमधल्या गार भज्यांचा वास मला अजून सहन होत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस सांगलीला, आमच्या संस्थेच्या मोठ्या शाळेतल्या हॉलमध्ये, आम्हा इंग्रजीच्या अकरा शिक्षकांना कोंडून घातलं होतं. संस्थेच्या शाळा इकडे मेढ्यापासून तिकडे कवठे महांकाळपर्यंत पसरलेल्या. सहावी ते आठवीच्या मुलांनी वर्षभरात कोणत्या कविता वाचायच्या, कोणत्या गोष्टी वाचायच्या, काय लिहायचं, याचं सगळ्या शाळांसाठी एकच नियोजन आम्ही करायचं होतं.

मी मेढ्याच्या शाळेत शिकवते. राहते साताऱ्यात, रोज एसटीने जाते-येते. त्या दोन दिवसांसाठी मी एकच मागणी घेऊन गेले होते. आठवड्यातून एक तास असा हवा, की ज्यात मुलं आपल्या मनाने इंग्रजी लिहितील. फळ्यावर नमुना नाही, हातात गाईड नाही, आणि चुकीला मार्क कापायचे नाहीत. मार्क न कापायचं मी एका मुलीला कबूल करून बसले होते.

आदल्या वर्षी ती सातवीत होती. मी वर्गात आईवर निबंध लिहायला सांगितला होता. वह्या तपासायला घेतल्या. जिकडेतिकडे एकच ओळ, 'माय मदर इज अ हाउसवाइफ.' या आया भाताची लावणी करतात, जनावरं बघतात, डोंगर उतरून बाजाराला येतात. एकीची आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवते, रोज दुपारी त्या मुलीला स्वतःच्या हाताने वाढते. तिच्या वहीतही हाउसवाइफ. गाईडमध्ये तसं छापलंय म्हणून.

मग या मुलीची वही आली. तिचे वडील सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारे. आई स्टँडच्या खालच्या अंगाला पिठाची गिरणी चालवते. मुलीने लिहिलं होतं, 'माय मदर रन्स द गिरणी. शी इज व्हाइट अप टू द एल्बो. व्हेन लाइट गोज, माय मदर बिकम्स एम्प्टी. देन आय सिट निअर हर.'

लाईट गेली की आई रिकामी होते, असं आपल्याकडे कुणीही म्हणेल. हातातलं काम थांबलं, जरा मोकळी झाली, एवढंच. पोरीने डिक्शनरीत 'रिकामी' शोधलं आणि समोर आला तो शब्द उचलला. मी सवयीने लाल पेन घेतलं, 'एम्प्टी'वर काट मारली, वर 'फ्री' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. 'गिरणी'खालीही रेघ ओढली. वही मिटली.

एसटीत बसल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दिवसभर पट्ट्याच्या आवाजात उभी असलेली बाई, लाईट गेल्यावर अचानक पोत्यावर टेकणारी, नवरा कुठे तरी सीमेवर. ती नुसती मोकळी होत नसणार. माझा 'फ्री' बरोबर होता आणि मेलेला होता. इतकी वर्षं मी हेच करत आले की काय, असं वाटून मला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून सांगितलं, "शब्द चुकलाय, पण वाक्य फार चांगलं आहे. असंच लिहीत जा."

तिने वहीकडे बघितलं. "मग मार्क का कापलं, मॅडम?"

"पुढच्या वर्षी नाही कापणार," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

तर तो सांगलीचा हॉल. नियोजनाचे प्रमुख म्हणजे त्या मोठ्या शाळेतले ज्येष्ठ सर, निवृत्तीला आलेले. त्यांनी नियोजन पेनड्राइव्हवर तयारच आणलं होतं. पडद्यावर पहिलं पान उघडलं, तर खाली कोपऱ्यात भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच शाळेचं नाव. कुठून तरी उतरवून घेतलेलं. मला वाटलं, आता कुणीतरी शरमेल. पण ते नाव कसं पुसायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. मग पानाला चौकट एकेरी हवी की दुहेरी, यावर जेवणाची वेळ झाली. एका कवितेचं नाव कुणी काढलं असेल तर शपथ.

दुपारी कविता आल्या, तर त्यांची ही गत. मुलांनी कवितेचं रसग्रहण लिहायचं असतं. सरांनी त्याचा एकच साचा करून ठेवला होता, सगळ्या कवितांना चालणारा. 'ही कविता अतिशय सुंदर आहे. कवीने निवडलेले शब्द साधे व अर्थपूर्ण आहेत. मला ही कविता खूप आवडली.' सगळं इंग्रजीत, आणि कवितेच्या नावाच्या जागी टिंबटिंब. मुलांनी फक्त नाव भरायचं. कविता वाचायचीही गरज नाही. बारा वर्षांच्या मुलाला न वाचलेली कविता खूप आवडली म्हणायला शिकवायचं, आणि याला साहित्य म्हणायचं. मला उठून हात धुवावेसे वाटले.

चहाच्या वेळी कवठे महांकाळचे सर माझ्याजवळ आले. मी त्यांना माझ्या तासाबद्दल सांगितलं. ते एकदम खूश झाले. म्हणाले, "आमची पोरं पन लय भारी लिवत्यात, मॅडम. तुमी विषय काढा, मी हाय."

मी विषय काढला. मुलीच्या त्या चार ओळी वाचून दाखवल्या.

प्रमुख सरांनी चष्मा काढला. "आई रिकामी झाली म्हणजे काय, मॅडम? आई काय तेलाचा डबा आहे?"

हॉल हसला. पोटभर हसला. मी कवठे महांकाळच्या सरांकडे बघितलं. ते भजी चटणीत बुडवत होते, खाली मान घालून, एकच भजं पुन्हा पुन्हा.

"आणि तपासायचं कसं?" सर पुढे म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजावणीच होती. "प्रत्येक पोरानं वेगळं लिहिलं, तर उत्तरसूची कशी काढणार? आपल्याला वाचत बसायला लागेल की."

हेच खरं होतं, आणि ते त्यांनी न लाजता सांगितलं. मुलांनी लिहिलेलं वाचावं लागू नये म्हणून आम्ही अकरा जण नियोजन करत होतो. दहा निबंध ठरले, त्यांची नमुना उत्तरं ठरली, पीडीएफ सगळ्या शाळांच्या ग्रुपवर जाणार हे ठरलं. तिसरा निबंध 'माय मदर'. पहिली ओळ तुम्हाला माहीत आहे.

शेवटी सह्यांचा कागद फिरला. साताऱ्याची गाडी सुटायला थोडाच वेळ होता, पुढची गाडी म्हणजे घरी पोचायला अंधार. मी सही केली. माझ्याआधी आठ सह्या होत्या, ही सबब मी गाडीत कऱ्हाडपर्यंत स्वतःला ऐकवली. नंतर तीही ऐकवेना.

ती मुलगी आठवीत गेली. सहामाहीच्या पेपरात निबंध आला तो नेमका आईवरच. दिवाळीच्या सुट्टीत मी गठ्ठा सोडला आणि तिचा पेपर मुद्दाम आधी काढला. 'माय मदर इज अ हाउसवाइफ. शी गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग.' शेवटपर्यंत तसंच. एक स्पेलिंग चुकलेलं नाही, अक्षर मोत्यासारखं. कुठे कापायला जागाच नव्हती. मी दहापैकी दहा दिले. दिलेल्या शब्दाप्रमाणे एकही मार्क कापला नाही.

शाळा उघडल्यावर मी तिला विचारलं, "गिरणी कुठं गेली गं?"

"पीडीएफमध्ये न्हाई, मॅडम," ती म्हणाली. आणि पेपर घेऊन आनंदाने जागेवर गेली.

त्याच आठवड्यात संध्याकाळची गाडी धरायला मी स्टँडकडे चालले होते. गिरणीचा आवाज बंद होता. आत तिची आई पोत्यावर बसलेली, कोपरापर्यंत पांढरी. मला बघून तिने हाक मारली.

"या की मॅडम, टेका जरा. लाईट गेलीया, मी रिकामीच हाय."

मी टेकले. तिने पदराने बाकडं पुसलं होतं तरी पीठ लागलंच.

"पोरगी सांगत हुती, माझ्यावर निबंध लिवला, धापैकी धा पडलं," ती म्हणाली. "काय लिवलंय वो तिनं? मला काय त्यातलं कळतंय."

मी सांगितलं. तुम्ही लवकर उठता, घर सांभाळता, सगळ्यांना करून घालता, असं लिहिलंय.

ती ऐकत राहिली. आणखी काही येईल म्हणून थांबली. "आन गिरणीचं?"

"ते मागच्या वर्षी लिहिलं होतं."

"मग अवंदा का न्हाई?"

मी गाडीची वेळ बघितली. तिने हात झटकले, पीठ खाली पडलं, त्याकडे बघत म्हणाली, "मोठी झाली न्हवं आता. लाज वाटत आसंल."

तेवढ्यात लाईट आली. ती उठली, बटण दाबलं, पट्टा फिरायला लागला. "तिला लाज नाही वाटत, चूक माझी आहे," मी म्हणाले. तिने गिरणीत धान्य ओतता ओतता कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनला?"

मी मान हलवली, काही नाही म्हणून, आणि गाडी धरायला निघाले.