दादाचे पाय

मोहफुलांचा वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांतलं नवेगाव बांधचं आमचं कौलारू चर्च आठवतं. पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, पाद्रीबाबा आमचे पाय धूत. त्या वर्षी मी पाय घरूनच साबणाने घासून आलो होतो. थोरला भाऊ थेट जंगलातून मोहफुलं वेचून आला होता. त्याच्या धुळकट, भेगाळ पायांवरून बाबांचा हात मायेने फिरत राहिला आणि माझा जळफळाट झाला.

“दादा पिऊन आला जी, बाबा. वास येऊन राहिला.”

बाबांचा हात थांबला. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि पाय ओढून घेतला.

“लहान्याचेच धुवा जी.”

तो पुन्हा चर्चमध्ये आला नाही. वास मोहाच्या दारूचा नव्हे, ताज्या फुलांचा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

बाबांनी माझे पाय धुतले. पाणी जरासुद्धा गढूळ झालं नाही.