ठमाबाईचा तेलाचा हात

पाठ पुसायला नूतनने आईला जरा कलती केली, तर माकडहाडावर लाल चट्टा! पोर उल्हासनगरला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला बारवी धरणाजवळच्या पाड्यावर घरी आली होती. तिची आई वेणू खुब्याचं हाड मोडून, ऑपरेशन होऊन खाटेवर पडलेली. हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण हाड सरकेल या धास्तीने घरच्यांनी तिला उताणीच ठेवलेली, आणि खाली प्लास्टिक! त्यात लोडशेडिंग. पाठ घामाने चिंब.

नूतनने चट्ट्यावर बोट दाबून उचललं. चांगली कातडी क्षणभर पांढुरकी पडते. ही लालच राहिली. म्हणजे आतलं मांस दबून मरायला लागलं होतं. तिथं जखम फुटून पू झाला, की आई हातची जायची.

"आग होते गो," वेणू कण्हली. "ठमा येईल आता, चोळून देईल."

आणि आलीच ती, खोबरेलाची वाटी घेऊन. ठमाबाई म्हणजे नूतनची सख्खी काकी. पाड्यात कुणी अंथरुणाला खिळलं की हिलाच बोलावणं, आणि हिच्या हाताला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. काकीने पदर खोचला, तेलात बोटं बुडवली आणि हात थेट चट्ट्याकडे नेला.

नूतनने तिचं मनगट धरलं.

"काकी, तिथं चोळू नको. कातडी फाटेल."

"अगो, रगत खेळायला नको? चार बुकं शिकलीस, तर मला शिकवतेस?"

"भार काढला की रक्त आपोआप खेळेल. चोळून आतलं आणखी तुटतं. तिला ऑपरेशन न झालेल्या कुशीवर वळवू, आणि दर दोन तासांनी बाजू बदलू."

"सोड हात!" काकी कडाडली. "तुझा काका लकव्याने पडला, तेव्हा ह्याच हातांनी सकाळ-संध्याकाळ चोळलाय त्याला! पाठीला भोक पडून पू झाला, तरी कडेकडेने चोळत होते मी, तो जाईपर्यंत..."

तिची नजर स्वतःच्या तेलकट बोटांवर गेली. मग नूतनकडे वळली.

"म्हंजे नूतन... मीच?"

नूतनला उत्तर ठाऊक होतं. तिने काकीचं मनगट सोडलं.

"नाही गो काकी. काकांचा आजारच मोठा होता."

चक्क खोटं बोलली पोर, आणि बरंच केलं म्हणायचं.

"धर, पायांच्या मध्ये उशी दे," आईला कुशीवर वळवत नूतन म्हणाली. ठमाबाईने उशी सरकवली, वेणूच्या पाठीला आधाराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वेणू मान वळवून विचारू लागली, "ठमे, काय झालं गो तुला?"