विहिरीतल्या बाईचं नाव

शेजारी कुणी मिरच्या भाजल्या की मला निजामाच्या राज्यातली, शिंदफणेकाठच्या आमच्या गावातली एक दुपार आठवते. तान्हं लेकरू गेल्यापासून माझी चुलती रिकाम्या झोळीशी बोलत बसायची. चुलताही शेतात एकटाच लेकराला हाका मारायचा, पण त्याच्याबद्दल लोक हळहळायचे, "गड्याच्या काळजाला लई लागलंय." चुलतीला मात्र बाधा झाली असं ठरलं आणि तिच्या सासूनं भगत बोलावला. मिरच्यांच्या धुरात तिचे केस धरून तो विचारत राहिला, "कोण हाय तू?" ती खोकत म्हणायची, "मीच हाय, या घरची सून." दर उत्तराला पाठीवर निंबाचा फोक बसायचा. शेवटी घोगऱ्या, परक्या आवाजात तिनं पूर्वी विहिरीत जीव दिलेल्या एका बाईचं नाव सांगितलं. सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी "काकू, काकू" म्हणून हाका मारल्या, तिनं मानही वळवली नाही. मग मी भीत भीत त्या मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तेव्हा ती हसून "ओ" म्हणाली. मी किंचाळत पळाले. ते नाव आम्हीच तिच्याकडून वदवून घेतलं होतं, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.