चढावर पडलेलं व्होल्टेज

वाळत घातलेल्या हिरड्यांचा तुरट वास आला की मला भीमाशंकरच्या रस्त्यावरचा तो चढ आठवतो. थंडीतल्या एका सकाळी अंगणातले हिरडे पोत्यात भरताना वडिलांच्या हाताला घोणस चावली. माल बघायला नारायणगावचे शेठजी त्यांच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीतून आले होते, तेवढंच वाहन वस्तीवर होतं. मी वडिलांचा सुजत चाललेला हात मांडीवर धरून मागे बसलो. बाहेर दाट धुकं होतं. अर्ध्या चढावर गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि शेठजींनी पाय पूर्ण दाबला तरी गाडी जोर घेईना. "चार्जिंग तर दिसतंय," मी म्हणालो. "चार्जिंग हाय, पण गारठ्यात जुन्या बॅटरीचं व्होल्टेज चढाला पडतं, मग मोटरला ताकद मिळत नाय," शेठजी मागे वळून मला म्हणाले. "तुमी उतरा, भाऊ. वजन कमी झालं तर चढंल." विष भिनून वडिलांच्या दातांतून आलेलं रक्त ओठावर दिसत होतं. त्यांनी माझा अंगठा घट्ट धरला होता, तो सोडवून मी उतरलो. गाडी आवाज न करता धुक्यात शिरली. मी मागे धावलो, पण माथ्यावर रस्ता मोकळाच होता. तासाभराने एका जीपने घोडेगावच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा त्यांना सलाईन लावलेलं होतं. वडील वाचले, दोन बोटं गेली. "पोरगं गाडीमागं पळत आलं व्हतं," असं ते अजून पाहुण्यांना सांगतात. त्या चढावर उतरून गाडीचं दार लावताना, आता काही झालं तर ते मला बघावं लागणार नाही, म्हणून मला क्षणभर हलकं वाटलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.